ब्रिटनमधलं डिझायनर आउटलेट: स्विंडन की बिस्टर, आणि टॅगवरची ‘मूळ किंमत’ कितपत खरी?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले आहेत. परत जाण्याआधी त्यांना घेऊन एकदा डिझायनर आउटलेटला (नामांकित ब्रँडचा माल सवलतीत विकणाऱ्या दुकानांच्या समूहाला) जायचं आहे. आम्ही रेडिंगला राहतो, त्यामुळे एम ४ मोटरवेवरून स्विंडन सोपं पडतं, पण सगळेजण बिस्टरचं नाव घेतात.

यादी अशी: बाबांना चालायचे बूट आणि थंडीचा कोट, आईला पर्स (ती चामड्याची वस्तू वापरत नाही), भाचरांना कपडे, आणि जमलं तर बिडाचं एनॅमल केलेलं एक भांडं.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. टॅगवर आरआरपी (कंपनीने सुचवलेली विक्री किंमत) म्हणून जी मोठी किंमत छापून तिच्यावर ६० टक्के सूट दाखवतात ती खरी असते का? आई-बाबा भारतीय पासपोर्टवर आले आहेत, तर त्यांना विमानतळावर व्हॅट परत मिळेल का? आणि गाडीने जावं की रेल्वेने? बाबांना फार चालवत नाही. माहीतगारांनी सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

---

कापडपारखी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळी खरेदी त्याच्यावर अवलंबून आहे. आउटलेटच्या एकाच रॅकवर तीन वेगवेगळ्या जातींचा माल शेजारी शेजारी लटकत असतो आणि तिन्हींच्या टॅगवर ‘मूळ किंमत’ सारख्याच अक्षरांत छापलेली असते. तुमच्या हातात यातला कोणता माल आहे हे कळलं की ती किंमत खरी की नुसती शोभेची, हे आपोआप कळतं.

पहिला म्हणजे मागच्या हंगामाचा उरलेला माल. हा मुख्य दुकानात पूर्ण किमतीला विकायला ठेवला होता, विकला गेला नाही, म्हणून इकडे आला. याची खूण म्हणजे मापं तुटक असतात. एकाच डिझाइनचे एस आणि डबल एक्सएल आहेत, मधलं काहीच नाही. रंगही एखाद-दुसराच, तोही भडक. या मालावरची मूळ किंमत सहसा खरी असते, कारण त्या किमतीला तो खरोखर दुकानात होता. आउटलेटला जाण्याचं खरं कारण हाच माल.

दुसरा म्हणजे मुळात आउटलेटसाठीच बनवलेला माल. तो मुख्य दुकानात कधी गेलेलाच नसतो. ओळखायला सोपा: टेबलावर नीट घडी केलेले गठ्ठे, सगळी मापं, सगळे रंग, आणि पुढच्या महिन्यात गेलात तरी तोच ढीग. यावर छापलेली मूळ किंमत कोणी कधी मोजलेली नसते. माल वाईटच असतो असं मात्र नाही. रोज वापरायचा सुती शर्ट म्हणून तो चांगला चालतो, फक्त ‘६० टक्के सूट’ विसरून समोरच्या किमतीला ती वस्तू परवडते का, एवढंच बघायचं.

यात काटकसर कुठे केलेली असते ते सांगतो. कोटाचं अस्तर पातळ असतं किंवा अर्धंच लावलेलं असतं. कापडाचं वजन कमी. चौकटीच्या कापडात खिशाच्या आणि बाजूच्या शिवणीवर चौकटी जुळवलेल्या नसतात, कारण जुळवायला कापड जास्त लागतं. आत शिवणीला सोडलेलं कापड अगदी बोटभरही नसतं, त्यामुळे पुढे सैल करायची सोय नाही. जादा बटण दिलेलं नसतं. पर्सला धातूच्या दातांऐवजी नायलॉनची चेन आणि पोकळ, हलके हुक.

तिसरा प्रकार म्हणजे सेकंड्स (किरकोळ दोष असलेला माल), नमुन्याचे तुकडे आणि गिऱ्हाइकांनी परत केलेला माल. नीट चालवलेल्या दुकानात यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि बरेचदा तो वेगळ्या कोपऱ्यात असतो.

तपासायची पद्धत: बारकोड उपयोगाचा नाही, स्टाइल कोड (कंपनीने त्या डिझाइनला दिलेला क्रमांक) शोधा. कपड्यात तो डाव्या बाजूच्या शिवणीतल्या छोट्या, पांढऱ्या लेबलवर असतो. नाइकीच्या वस्तूंवर तो सहा अक्षर-अंक, मग आडवी रेघ, मग रंगाचे तीन अंक असा असतो. आदिदासचा सहसा सहा अक्षर-अंकांचा. तो फोनवर टाकून शोधा. मुख्य संकेतस्थळावर किंवा इतर मोठ्या दुकानांत तीच वस्तू कधी विकायला होती असं दिसलं तर पहिला प्रकार. फक्त आउटलेटवाल्यांकडे किंवा जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडेच सापडली तर दुसरा. काउंटरवर सरळ विचारलं तरी चालतं: ‘हे तुमच्या मुख्य दुकानात होतं का?’ हा प्रश्न त्यांच्या सवयीचा आहे.

तोच कोड टाकल्यावर आणखी एक गोष्ट कळते. १०० पौंडांची वस्तू आउटलेटमध्ये ६५ ला असते आणि हंगाम संपतानाच्या सेलमध्ये मुख्य संकेतस्थळावरच ५० ला गेलेली असते, असं पुष्कळदा दिसतं. तुलना मूळ किमतीशी करू नका, आज ती वस्तू इतरत्र कितीला मिळते त्याच्याशी करा.

ब्रँडच्या लेबलवर मार्करची काळी रेघ, शिक्का किंवा भोक दिसलं तर दचकू नका. आउटलेटमध्ये घेतलेली वस्तू मुख्य दुकानात नेऊन पूर्ण किमतीचा परतावा कोणी मागू नये म्हणून ती खूण करतात. दोष असल्याचं ते चिन्ह नाही.

बाबांच्या कोटाबद्दल: आतल्या लेबलवर धाग्यांचे टक्के लिहिणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, ते वाचा. नुसतं ‘वुल ब्लेंड’ म्हणून टांगलेल्या कोटात लोकर निम्म्याहूनही कमी असू शकते. पिसांच्या जॅकेटवर डाउन (मऊ पिसं) आणि फेदर (काडीची पिसं) यांचं प्रमाण बघा; डाउन जितकं जास्त तितकं ते हलकं आणि उबदार. माझं मत विचाराल तर आउटलेटमध्ये खरा फायदा कोट, प्रवासी बॅगा आणि मागच्या मॉडेलच्या धावायच्या बुटांत आहे. पर्स आणि पोलो टी-शर्टमध्ये तो सगळ्यात कमी, कारण दुसऱ्या प्रकारचा माल तिथेच सगळ्यात जास्त असतो.

---

हमरस्ता

रस्त्याचं मी सांगतो.

स्विंडन: एम ४ ने पश्चिमेला जंक्शन १६ (मोटरवेवरून बाहेर पडायचा फाटा), तिथून पुढे तपकिरी पाट्यांवर ‘आउटलेट’ लिहिलेलं आहे, त्या धरून जा. रेडिंगपासून ४० मैलांच्या आसपास. बिस्टर: एम ४ वर जंक्शन १३ ला ए ३४ पकडायचा, ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडून वर जायचं, तो एम ४० च्या जंक्शन ९ ला पोचतो, तिथून ए ४१ ने बिस्टर. नकाशावर हे सोपं दिसतं, पण ए ३४ ला एका दिशेला दोनच लेन आहेत आणि साउदॅम्प्टन बंदराचे ट्रक सगळे याच रस्त्याने मिडलंड्सकडे जातात. एक लहानसा अपघात झाला तरी मागे रांग लागते आणि वळून जायला धड रस्ता नाही. शिवाय शनिवारी दुपारी जंक्शन ९ पासून ए ४१ वर गर्दी असतेच. निघण्याआधी त्या दोन तुकड्यांची वाहतूक बघून घ्या.

रेल्वेने स्विंडनला रेडिंगहून थेट गाडी आहे, साधारण अर्धा तास. स्टेशनपासून आउटलेट पायी पाव तासाच्या आत-बाहेर. बाबांसाठी टॅक्सी करा. बिस्टरला जायचं तर रेडिंग ते ऑक्सफर्ड, तिथे गाडी बदलून चिल्टर्न रेल्वेने बिस्टर व्हिलेज स्टेशन. हे स्टेशन आउटलेटला अगदी लागून आहे. लंडनहून जाणाऱ्यांना मेरिलबोनवरून थेट गाडी मिळते, पाऊण तासापेक्षा थोडं जास्त. तिघे किंवा अधिक जण एकत्र जाणार असाल तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह निवडा. गर्दीच्या वेळा सोडून एक-तृतीयांश सूट मिळते, जीडब्ल्यूआर (ग्रेट वेस्टर्न रेल्वे) आणि चिल्टर्न दोन्हींवर. त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. अट एकच, सगळ्यांनी संपूर्ण प्रवास एकत्र करायचा.

बाबांच्या चालण्याचा विचार केला तर माझं मत स्विंडन. ते आउटलेट जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात आहे. तो कारखाना १९८६ मध्ये बंद झाला आणि १९९७ मध्ये तिथे आउटलेट आलं. इंजिनं बांधायच्या त्या उंच शेडमध्येच दुकानं असल्यामुळे सगळं छताखाली आहे, पाऊस-वाऱ्याची चिंता नाही. बाबांचा पाय दुखायला लागला तर लगतच स्टीम हे रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे ते आरामात वेळ घालवतील. बिस्टर म्हणजे उघड्यावरची एक लांब गल्ली आहे, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि गुची-प्राडा वर्गाचे ब्रँड तिथे जास्त. तुमच्या यादीतलं काहीच त्या वर्गातलं नाही. तरी जायच्या आठवड्यात आउटलेटच्या संकेतस्थळावर दुकानांची यादी बघा. आउटलेटमधली दुकानं वरचेवर बदलतात. व्हीलचेअर हवी असेल तर ग्राहक सेवा कक्षाला आदल्या दिवशी फोन करून विचारा.

रविवारची एक गंमत नीट समजून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या रविवार व्यापार कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळातले सलग सहाच तास विक्री करता येते. म्हणून मोठी दुकानं बहुधा ११ ते ५ असतात आणि लहान दुकानं त्याआधी उघडलेली दिसू शकतात. काही ठिकाणी मोठं दुकान अर्धा तास आधी उघडतं, पण तेवढा वेळ फक्त बघायचं. काउंटर सुरू होत नाही. ईस्टरच्या रविवारी मोठी दुकानं पूर्ण बंद. स्कॉटलंडला हा कायदा लागू नाही. जमलं तर मंगळवार ते गुरुवार, उघडायच्या वेळेला पोचा. ब्लॅक फ्रायडे, २६ डिसेंबर आणि मे-ऑगस्टचे बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) टाळा.

पार्किंग. स्विंडनला पैसे पडतात, बिस्टरला नाहीत, पण गर्दीच्या दिवशी बिस्टरला शहराबाहेरच्या पार्क अँड राइडमध्ये (गाडी ठेवून पुढे बसने जायच्या जागेत) वळवतात. अशा ठिकाणी आत-बाहेर जाताना कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. मशीनमध्ये नंबर टाकताना इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली तर पैसे भरूनही नोटीस येते, म्हणून पावतीचा फोटो ठेवा. खासगी जागेतली नोटीस म्हणजे पार्किंग चार्ज नोटीस, कौन्सिलचा दंड नव्हे. ती सहसा १०० पौंडांपर्यंत असते आणि १४ दिवसांत भरल्यास ४० टक्के कमी होते. अपील करायचं असेल तर ते कंपनीकडे आधी करा, पैसे भरलेत की विषय संपतो. भाड्याची गाडी असेल तर गाडीवाली कंपनी तिचा स्वतःचा आकार वर लावते. वाटेत मोटरवे सर्व्हिसेसला थांबलात तर पार्किंगचे पहिले दोन तासच मोफत असतात, तिथेही कॅमेरे आहेत.

दुसरीकडे राहणाऱ्यांसाठी इतर आउटलेट: चेशर ओक्स एम ५३ जंक्शन १०, ब्रिजेंड एम ४ जंक्शन ३६, ईस्ट मिडलंड्स एम १ जंक्शन २८, कॅसलफर्ड एम ६२ जंक्शन ३२, सॉमरसेटमधलं क्लार्क्स व्हिलेज एम ५ जंक्शन २३. ॲशफर्ड एम २० जवळ, पण सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने ४० मिनिटांच्या आत पोचता येतं. एसेक्सकडून ॲशफर्डला गाडीने जाताना डार्टफर्ड क्रॉसिंग लागतं. तिथे टोलनाका नाही. सकाळी ६ ते रात्री १० मध्ये ओलांडलंत तर दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन पैसे भरावे लागतात. खरेदीच्या नादात हेच सगळ्यात जास्त राहून जातं, आणि जाताना एकदा, येताना एकदा असे दोन वेगळे आकार असतात.

---

हिशेबनीस

व्हॅटचं उत्तर छोटं आहे: मिळणार नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत देणारी योजना ३१ डिसेंबर २०२० ला संपली. पुण्या-मुंबईकडे फिरणारे जुने लेख आणि व्हिडिओ अजून तो फॉर्म भरायला सांगतात, म्हणून हा गोंधळ आहे. विमानतळावर त्यासाठी लवकर जाऊ नका आणि ‘वीस टक्के परत येतील’ असं धरून खरेदी करू नका.

इथली छापील किंमत व्हॅटसकट असते. दर २० टक्के, म्हणजे १२० पौंडांच्या वस्तूत २० पौंड व्हॅट; किमतीचा सहावा भाग. तो टाळण्याचा एक कायदेशीर मार्ग उरला आहे: दुकानाने स्वतः वस्तू थेट भारतातल्या पत्त्यावर पाठवली तर ते व्हॅट न लावता विकू शकतं. पण तसं करणं दुकानाच्या मर्जीवर आहे, कुरिअरचा खर्च तुमचा, आणि पार्सलवर भारतात आयात शुल्क लागतं. प्रवाशाला मिळणारी ड्यूटी-फ्री सवलत त्या पार्सलला लागू होत नाही. बूट-कोटासाठी हा उद्योग परवडत नाही.

भाचरांच्या कपड्यांवर मुळातच व्हॅट नाही. लहान मुलांचे, म्हणजे १४ वर्षांखालच्यांच्या मापाचे कपडे आणि बूट यांना शून्य दर आहे. म्हणून थोराड मुलाला मोठ्यांचा स्मॉल घेण्याआधी मुलांच्या विभागातलं सगळ्यात मोठं माप घालून बघा, तीच चीज बरीच स्वस्त पडते.

उत्तर आयर्लंडमध्ये जुनी योजना अजून आहे, आणि आयर्लंड प्रजासत्ताक युरोपीय संघात असल्यामुळे तिथे भारतातून आलेल्या पर्यटकाला व्हॅट परत मिळतो. किल्डेअर व्हिलेज एम ७ च्या जंक्शन १३ ला आहे. पण फक्त त्यासाठी कोणी डब्लिनची तिकिटं काढू नयेत.

भारतात उतरताना: ड्यूटी-फ्री मर्यादा माणशी आहे. आईची आणि बाबांची मर्यादा एकत्र करून एका महागड्या वस्तूला लावता येत नाही. मर्यादेचा सध्याचा आकडा निघण्याआधी भारतीय सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर बघा, नियम बदलत असतात. बिलं हातातल्या बॅगेत ठेवा, कारण अधिकारी टॅगवरची मोठी मूळ किंमत धरू लागला तर प्रत्यक्ष किती दिले ते दाखवायला बिलच लागतं. त्याच कारणासाठी आरआरपीचे टॅग इथेच काढून टाका, अर्थात वस्तू परत करायची नाही हे नक्की झाल्यावर.

सवलती: आउटलेट चालवणाऱ्या कंपन्यांची फुकट सदस्यता असते, ती घरूनच घेऊन जा, काही दुकानांत तिच्यावर आणखी सूट मिळते. घरात कोणी एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) असेल तर ब्लू लाइट कार्ड आणि विद्यार्थी असेल तर युनिडेज काउंटरवर विचारून बघा. बिल झाल्यावर नाही, आधी.

---

रेडिंगकर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्विंडन नक्की, मधल्या वारी, रेल्वेने. व्हॅटचा फॉर्म बाबांनी छापूनसुद्धा ठेवला होता, तो बाजूला ठेवला.

आता तीन शंका. बूट वर्ष-दोन वर्षं गोदामात पडलेले असतील तर तळ खराब झालेला नसेल ना? आणि चामडं नाही हे खात्रीने कसं ओळखायचं? दुकानातले लोक प्रत्येक वेळी नक्की सांगतील असं वाटत नाही. तिसरं, आई-बाबा भारतात पोचल्यावर दोष निघाला तर काय करायचं?

---

तळपाय

बुटांच्या बाबतीत विचारावं लागतच नाही, कारण ब्रिटनमध्ये बुटाचे भाग कशाचे आहेत हे दाखवणं बंधनकारक आहे. बुटाच्या आत, तळाला किंवा खोक्यावर एक छोटं चित्रांचं लेबल असतं. तीन भाग वेगळे दाखवलेले असतात: वरचा भाग, आतलं अस्तर व पायाखालची गादी, आणि बाहेरचा तळ. प्रत्येकासमोर चारपैकी एक चिन्ह. ताणून वाळत घातलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे चामडं. त्याच आकारात छोटा चौकोनी हिरा काढलेला असेल तर वरून लेप दिलेलं चामडं. विणीची जाळी म्हणजे कापड. नुसता हिरा म्हणजे इतर साहित्य, रबर, प्लास्टिक वगैरे. फक्त लक्षात ठेवा, त्या भागाच्या ८० टक्क्यांचं जे साहित्य असेल तेच चिन्ह लावतात. कडेची एखादी बारीक पट्टी वेगळी असू शकते.

पर्सना मात्र हा नियम नाही, आणि तुम्हाला नेमकी तिथेच गरज आहे. पर्सच्या आतल्या शिवणीतलं लेबल शेवटपर्यंत वाचा. ‘पॉलियुरेथेन’ किंवा ‘पीव्हीसी’ असेल तर चामडं नाही, पण त्याच लेबलवर खाली ‘ट्रिम: लेदर’ असू शकतं. लेप दिलेल्या कापडाच्या कित्येक पर्सना पट्टे आणि कडा चामड्याच्याच असतात. ‘साफियानो’ हे वरच्या रेघांच्या नक्षीचं नाव आहे, ते चामड्यावरही असतं आणि पॉलियुरेथेनवरही, त्यावरून काही ठरवू नका. पट्ट्याची कापलेली कड निरखा: धागेदार, केसाळ पोत दिसला तर चामडं; खाली विणलेलं कापड आणि वर गुळगुळीत थर दिसला तर कृत्रिम. कडेवर रंग चढवलेला असेल तर मात्र हे दिसत नाही, मग लेबलवरच विसंबा.

तळाबद्दल तुमची शंका रास्त आहे. टेकडी चढायच्या बुटांचा मधला थर बरेचदा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या दमटपणाने आतून विघटित होत जातो, वापरला नाही तरी. वर्षानुवर्षं पडून राहिलेला बूट वरून कोरा दिसतो आणि चार वेळा घातल्यावर तळ तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. वर्ष-दोन वर्षांच्या मालात ही भीती नाही. पाच वर्षांच्या पुढे मात्र नको. जिभेच्या आतल्या मापाच्या लेबलवर बऱ्याच कंपन्या उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापतात, ते बघा. मग टाचेच्या वरचा थर अंगठ्याने जोरात दाबा. दबून लगेच वर आला पाहिजे. बारीक भेगा, चिकटपणा किंवा अंगठ्याला भुकटी लागली तर खोका बंद करून ठेवून द्या. धावायच्या हलक्या बुटांत बहुधा ईव्हीए फोम असतो, तो भुगा होत नाही, पण जुना झाला की कडक होतो.

माप: भारतात बुटांचा जो आकडा वापरतात तो ब्रिटिशच आहे, त्यामुळे बाबांचा नेहमीचा आकडा धरून सुरुवात करा. अमेरिकी आकडा मोठा असतो, तो बघून फसू नका. पाय रुंद असेल तर लांबीचं माप वाढवण्याऐवजी रुंदीचं अक्षर बदला. क्लार्क्समध्ये पुरुषांसाठी जी नेहमीचं आणि एच रुंद. दुपारनंतर पाय थोडा सुजतो, म्हणून बूट त्या वेळी आणि बाबा रोज घालतात तेच मोजे घालून बघा. दोन्ही पाय घाला. आउटलेटमध्ये प्रदर्शनात ठेवलेला एक बूट उजेडाने फिका पडलेला असतो आणि दुसरा खोक्यातला गडद, जोडी खिडकीपाशी नेऊन जुळवा. दोन्ही बुटांवरचं माप तेच आहे ना, हेही.

---

ग्राहकहक्क

दोष आणि परतावा या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, कारण काउंटरवर त्या एकत्र सांगितल्या जातात.

आवडलं नाही, माप चुकलं: यासाठी दुकानातून घेतलेल्या वस्तूवर कायद्याने कोणताच हक्क नाही. दुकान जे धोरण ठेवेल ते. ते पावतीच्या मागे असतं, मुदत प्रत्येक दुकानाची वेगळी. आउटलेटचा माल त्याच ब्रँडच्या रेडिंगच्या शाखेत बहुधा परत घेत नाहीत, पुन्हा स्विंडनलाच जावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी हे दोन प्रश्न विचारा: किती दिवस, आणि कुठे.

दोष निघाला: इथे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, आणि आउटलेट असो की सेल, तो तितकाच लागू. ‘सेलचा माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी या हक्काला धक्का लावू शकत नाही. वस्तू हातात आल्यापासून ३० दिवसांत दोष दिसला तर पूर्ण पैसे परत मागता येतात. त्यानंतर दुकानाला एकदा दुरुस्ती किंवा बदलून देण्याची संधी. ते जमलं नाही तर पैसे परत किंवा किमतीत कपात. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, तसं नव्हतं हे दुकानाने सिद्ध करायचं. अपवाद एकच महत्त्वाचा: विकण्याआधी जो दोष तुमच्या नजरेला आणून दिला, त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. सेकंड म्हणून घेतलेल्या कोटाचा डाग दाखवला होता तर तो डाग तुमचा. पण त्याच कोटाची चेन तुटली तर ती दुकानाची जबाबदारी. म्हणून सेकंड घेताना कोणता दोष आहे ते पावतीवर लिहून घ्या.

तुमच्या बाबतीत खरी अडचण अंतराची आहे. भारतातून वस्तू परत पाठवून भांडत बसणं व्यवहारात जमत नाही. म्हणून बाबांनी बूट आठवडाभर घरात, गालिच्यावर घालावेत. तळाला रस्त्याची धूळ लागली नाही तर माप चुकल्याचा परतावाही शाबूत राहतो. कोटाच्या सगळ्या चेन आणि बटणं लावून-काढून बघा, अस्तराच्या बाह्या उलट्या करून शिवणी तपासा. पर्समध्ये रोजचं वजन घालून आईला चार दिवस घरात खांद्यावर वागवू दे.

पैसे कसे द्यायचे: १०० पौंडांपेक्षा महाग वस्तू तुमच्या इथल्या क्रेडिट कार्डाने, तुम्ही स्वतः घ्या. १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार दुकानाइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. मर्यादा ३०,००० पौंड. हा आकडा एकेका वस्तूचा धरतात, बिलाच्या बेरजेचा नाही, म्हणजे ६० पौंडांच्या दोन वस्तू यात बसत नाहीत. बाबांच्या भारतीय कार्डाला हे संरक्षण नाही, शिवाय परकीय चलनाचा आकार वर. डेबिट कार्डावर बँकेकडे चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत) मागता येतो, पण तो कायद्याने मिळालेला हक्क नाही.

---

बिडाचाखापर

भांड्याचं राहिलं. ल क्रुझेच्या वर्गातली बिडाची भांडी सेकंड म्हणून घेण्यात मला काहीच वावगं वाटत नाही, फक्त दोष कुठे आहे ते बघून घ्यावं. बाहेरच्या रंगात ठिपका, छटेत फरक, एनॅमलचा ओघळ: हे सगळं नुसतं दिसण्याचं, बिनधास्त घ्या. आतल्या पांढऱ्या एनॅमलला सुईच्या टोकाएवढं जरी भोक असेल तरी नको. तिथून पाणी बिडापर्यंत पोचतं, गंज धरतो आणि भोवतालचं एनॅमल टवके उडून जातं. फोनचा टॉर्च तिरपा धरून तळ आणि कोपरा बघा, मग नखाने चाचपा. काठावर जिथे झाकण टेकतं तिथला मंद, खरखरीत पट्टा मात्र दोष नाही, तो तसाच असतो. झाकण ठेवून चार बाजूंनी दाबा. किंचित हलणं चालेल, एक बाजू उचलली जात असेल तर वाफ कोंडणार नाही. भांडं सपाट काचेवर ठेवून फिरवा, डुगडुगलं तर इंडक्शनवर नीट तापणार नाही.

वजनाचा विचार आधीच करा. २४ सेंटिमीटरचं गोल भांडं झाकणासकट सव्वाचार किलोच्या आसपास जातं. ते केबिन बॅगेत नेऊ नका, तिथली वजनाची मर्यादा त्यातच संपते. मोठ्या बॅगेत नेताना झाकण उलटं करून मध्ये जाड टॉवेल घाला, भांड्याच्या आत भाचरांचे कपडे भरा, आणि ते बॅगेच्या मधोमध, चाकांच्या बाजूला ठेवा. रिकामी जागा राहिली तर बॅग आपटल्यावर कानाचं एनॅमल उडतं. दुकानातलं मूळ खोकं जागा खातं, पण त्यातले पुठ्ठ्याचे कोपरे काढून झाकण आणि काठाच्या मध्ये लावता येतात, तेवढे मागून घ्या.